खांदशेकणी आणि सुतळी बॉम्ब

दिवाळी आठ दिवसांवर आली की वर्तमानपत्राच्या गावपुरवणीत एक चौकट हमखास येते : फटाक्यांपासून पाळीव प्राण्यांना जपा. सोबत पलंगाखाली दडलेल्या कुत्र्याचा फोटो आणि खाली पाच-सहा सूचना. अकोला असो की अमरावती, मजकुरात फारसा फरक नसतो. मग चहाच्या टपरीवर त्यावर दोन मतं पडतात. एक असं, की हे सगळे फ्लॅटमधले लाड. आमच्या गावात कुत्री होती, ढोरं होती, कोणी असं जपत बसत नव्हतं. दुसरं नेमकं उलट, की पूर्वीची माणसं जनावरांना जीव लावायची, आत्ताच्यांना नुसता आवाज पाहिजे.

ही दोन्ही मतं इतक्या वेळा ऐकली, की म्हटलं एकदा बसून पाहावं तरी. वऱ्हाडातल्या घरात सणासुदीला जनावराचं नेमकं काय व्हायचं? जे हाती लागलं ते दोन्ही बाजूंना सारखंच गैरसोयीचं आहे. म्हणूनच लिहावंसं वाटलं.

सुरुवात पोळ्यापासून करावी लागेल. वऱ्हाडात घरचं जनावर म्हणजे आधी बैल. कोठ्यातल्या बैलजोडीवर घराची पत ठरायची, आणि वर्षाचा मोठा सण तिच्या नावाचा होता. पण पोळ्याचं खरं मर्म मला अमावस्येच्या दिवसात नाही, आदल्या दिवसात दिसतं. त्या संध्याकाळी खांदशेकणी. जुवाखाली वर्षभर घासून घट्टे पडलेला बैलाचा खांदा हळद आणि तुपाने (घरात तूप नसेल तर तेलाने) चोळायचा, पळसाच्या पानाने शेकायचा. मग कानाशी तोंड नेऊन त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. नदी-नाल्यावर धुणं, शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा, आणि संध्याकाळी आखरावर तोरणाखाली सगळ्या गावचे बैल उभे. झडत्या झाल्या, तोरण तुटलं, की 'पोळा फुटला'. मग बैल दारोदार ओवाळून घ्यायला, आणि सालदाराच्या हातावर बोजारा.

यात भक्ती किती आणि हिशोब किती हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही होतंच. श्रावण संपता संपता डवऱ्याची कामं उरकत आलेली असतात आणि बैलाचा खांदा सोललेला असतो. त्याला एक दिवस तूप-हळद आणि सुट्टी मिळाली नाही तर रब्बीच्या मशागतीला तो उभा राहायचा नाही. हे प्रत्येक घराला आपापलं आठवेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ते तिथीला बांधून टाकलं. जो बैलाला मनातून जीव लावत नव्हता, त्यालाही त्या संध्याकाळी गावाच्या धाकाने खांदा शेकावा लागायचा.

दिवाळीतही तेच. सणाची सुरुवात लक्ष्मीपासून होत नाही, वसुबारसेपासून होते. गाय-वासराची पूजा, आणि त्या दिवशी गाईचं दूध-तूप घरात खायचं नाही, कारण ते वासराचं. मग धनतेरस, मग लक्ष्मी. शेवटी प्रतिपदेला गायगोधन : रंगवलेल्या, मोरपिसांनी सजवलेल्या गाई आणि ढाल घेऊन नाचणारे गोवारी. म्हणजे घरच्या जनावराला दिवाळीच्या आरंभी एक दिवस होता आणि अखेरीस एक दिवस.

इथपर्यंत वाचून दुसऱ्या मतवाल्यांना बरं वाटलं असेल. पण जरा थांबा.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता (१९०३ पासून), त्यामुळे आपल्याकडच्या चालीरीती त्यात बऱ्याच आल्या आहेत. कुणब्यांवरच्या प्रकरणात पोळ्याचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय, की सगळ्यांत पुढे एक म्हातारा बैल असतो. त्याच्या शिंगांवर मखर बांधतात, म्हणजे खुंट्या लावलेली लाकडी चौकट, आणि त्या खुंट्यांवर पेटत्या मशाली. या बैलाने आंब्याच्या पानांची दोरी तोडायची आणि गावाकडे उधळत सुटायचं, मागून बाकीची सगळी ढोरं. आणि हा मखराचा बैल तीन वर्षांत मरतो अशी समजूत असल्याचंही त्यांनी नोंदवलं आहे.

मी ते पान दोनदा वाचलं. डोक्यावर आग घेऊन धावणारा म्हातारा बैल! आदल्या संध्याकाळी ज्याचा खांदा प्रेमाने शेकला तोच. आणि तो मरणार हे गावाला माहीत, निदान तशी समजूत तरी. मागच्या बैलांचा क्रम मालकाच्या मानावर ठरायचा, आपला नंबर मागे गेला तर कुणब्याला ते फार लागायचं, असंही पुढे लिहिलं आहे. या मानपानाच्या भांडणांच्या गोष्टी तर आपल्या आजोबांकडून सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. म्हणजे सणात जनावराची काळजी होती आणि जनावराच्या जिवावर माणसाची मिरवणूकही होती. एकाच सणात, एकाच आखरावर.

तेव्हा पूर्वीचे लोक प्रेमळ आणि आत्ताचे निर्दय, ही मांडणी काही टिकत नाही. मानाचा बैल पोळ्यात अजून पुढे असतो, पण पेटत्या मशाली मी कधी पाहिल्या नाहीत. कोणत्या वर्षी, कोणाच्या सांगण्यावरून त्या उतरल्या याची मोठी नोंद कुठे नाही. गावोगाव कोणीतरी केव्हातरी ठरवलं असणार, की मखर राहू द्या, आग नको. त्यामुळे पोळा बुडाला नाही.

आता फटाक्यांकडे वळू. परंपरेचं नाव सगळ्यांत जास्त तिथे घेतलं जातं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास शोधून काढला. इ.स. १४०० ते १९०० या काळावरची त्यांची छोटी पुस्तिका १९५३ साली बंगळूरहून प्रसिद्ध झाली. त्यात विजयनगरच्या दरबारातले सोहळे आहेत, परदेशी प्रवाशांच्या नोंदी आहेत. त्यातला एक प्रवासी म्हणजे इटलीचा वार्थेमा. सोळाव्या शतकाच्या आरंभी तो विजयनगरला आला होता. हत्तींचं वर्णन करताना तो सांगतो, की हत्ती एकदा पळायला निघाला की आवरणं अशक्य, कारण हे लोक दारूकामात मोठे वस्ताद आणि या प्राण्याला आगीची जबर धास्ती. पाचशे वर्षांपूर्वीची ही नोंद. दारू उडाली की जनावर बिथरतं हे फ्लॅट बांधायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, आणि ते बिथरणारं जनावर हत्ती होतं. पहिल्या मतवाल्यांनी याचीही नोंद घ्यावी.

गोड्यांच्या पुस्तिकेत आपल्या जवळचा एक धागा आहे. एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर १५७१ सालचं. त्यातल्या लग्नसोहळ्यात दारूकामाची वर्णनं आहेत. नाथांनी अर्थातच आपल्या काळातलं लग्न द्वापारात नेऊन बसवलं. पण नवरी कोण? आमची विदर्भाची रुक्मिणी. अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे तिचं माहेर, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेलं, असं आपण मानतो. तेव्हा मराठी वाङ्मयातल्या दारूकामाच्या जुन्या वर्णनांपैकी एक वऱ्हाडच्या लेकीच्या लग्नातलं आहे. गंमत वाटली.

त्याहून महत्त्वाचा संदर्भ पेशव्यांच्या बखरीतला. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगतात. चार दिवस दिवाळी, लाखो दिवे, आणि राजाच्या खर्चाने 'दारूची लंका' : दारू भरलेले रावण, राक्षस, वानर आणि हनुमान. हनुमानाची शेपटी पेटवायची की तो उडत लंका जाळत सुटतो. ही लंका शहराच्या बाहेर रचायचे. पुढे पेशव्यांच्या हौसेसाठी तसाच खेळ पुण्यात झाला, तोही पर्वतीच्या पायथ्याशी.

माझं लक्ष या जागांकडे गेलं. शहराच्या बाहेर. टेकडीच्या पायथ्याशी. दारूकाम हा लांबून पाहायचा तमाशा होता, खर्च राजाचा किंवा लग्नघरच्या श्रीमंताचा, आणि तो उडवणारे त्या कामातले जाणकार. घराघरात त्या वेळी दिवे होते. प्रत्येक अंगणात, प्रत्येक पोराच्या हातात फटाका यायला विसावं शतक उजाडावं लागलं. शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर १९२० च्या दशकात कलकत्त्याला जाऊन आगपेटीचा धंदा शिकून आले. त्यातून पुढे तिथे फटाक्यांचे कारखाने उभे राहिले आणि १९४० नंतर ते वाढत गेले. माल स्वस्त झाला, रेल्वेने, ट्रकने सगळीकडे पोचला. सुतळी बॉम्ब दाराशी आला तो असा. दारूकामाची परंपरा पाचशे वर्षांची खरीच. दारातल्या बॉम्बची नव्हे.

आणि याच शंभर वर्षांत दुसरी एक गोष्ट उलट्या दिशेने घडत होती. फटाका अंगणात येत होता तसतसा बैल अंगणातून जात होता. ट्रॅक्टर आला, सालदार मिळेना, कुटार-कडबा परवडेना, ढेपेचे भाव चढले. अनेक घरांत आता पोळ्याला मातीचे किंवा लाकडी बैल पुजतात. त्या रिकाम्या जागी घरात आला कुत्रा. आणि मांजर. अकोल्याच्या गौरक्षण रोडवर किंवा अमरावतीच्या कॅम्पात संध्याकाळी चक्कर मारा, पट्टा धरून निघालेली माणसं मोजता येणार नाहीत. घरचं जनावर बदललं. पंचांग मात्र बैलाचंच राहिलं.

कुत्र्याला आपल्याकडे जागा नव्हती असं नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबासोबत कुत्रा आहे, पितृपक्षात गाईचा आणि कावळ्याचा घास काढतात तसा कुत्र्याचाही काढतात. पण ते सगळं घास टाकण्यापुरतं. गावातला कुत्रा गल्लीचा होता. फटाक्याने घाबरला तर शेतात पळून जायचा, गंजीच्या आडोशाला बसायचा, दोन दिवसांनी परत यायचा. पळायला जागा होती हाच त्याचा बचाव. चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्याला ती जागा नाही. आणि तो सुटलाच, तर परत यायची वाट त्याला माहीत नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, मांजराला त्याहूनही वरचं. चार मीटरवर १२५ डेसिबल ही फटाक्यांच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा १९९९ साली ठरली. ती माणसाचा कान धरून ठरलेली आहे.

आमच्या शेजारच्या गल्लीतला एक कुत्रा एका लक्ष्मीपूजनाला असाच गेला. पूजा चालू होती, लक्ष्मी यावी म्हणून दार उघडं होतं, खाली लड लागली आणि पायाशी बसलेला कुत्रा जिना उतरून नाहीसा झाला. घरातल्या आजी भाऊबीजेपर्यंत रोज पहाटे त्याचं नाव घेत गल्ल्यांतून हिंडायच्या. तो सापडला नाही. पुढच्या वर्षी त्या घरात फटाके आले नाहीत, पण बाकीच्या गल्लीत आले. उघड्या दाराची पद्धत चांगलीच आहे. फक्त ती जेव्हा पडली तेव्हा दारापाशी दावणीला बांधलेला बैल होता, मोकळा कुत्रा नव्हता.

नेपाळात यावर फार सुंदर तोड आहे. तिथल्या दिवाळीत, म्हणजे तिहारमध्ये, दुसरा दिवस कुत्र्याचा असतो. कुकुर तिहार. कुत्र्याला टिळा, झेंडूची माळ, गोडधोड. घरचा असो, रस्त्यावरचा असो. हा दिवस नेमका आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमाराचा. तिकडे कुत्र्याच्या गळ्यात माळ पडते तेव्हा इकडे अभ्यंगस्नानाच्या आधीच अंधारात पहिला बॉम्ब कोण लावतो याची चढाओढ असते.

कायद्याने यात काय केलं? बरंच केलं. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके उडवायला मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री ८ ते १० एवढाच वेळ दिला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा तर १९६० पासून आहे, त्याच्याही आधी १८९० चा होता. पण पहाटे ५ च्या बॉम्बसाठी कोणी पोलिसात गेल्याचं तुम्ही ऐकलंय? खांदशेकणीला पोलीस लागत नव्हता. आज बैलाचा खांदा शेकला नाही तर उद्या आखरावर चार माणसं नावं ठेवतील, एवढंच पुरे होतं.

मग असा धाक नव्याने तयार होऊ शकतो का? मला वाटतं, होऊ शकतो. आणि त्याचा दाखला आपल्याच मातीत आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे, ढोरं राखण्यात गेलं. पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची रीत होती. त्यांनी गोडाचं जेवण वाढलं. बारसं रद्द केलं नाही, पंगत मोडली नाही. फक्त ताटातला पदार्थ बदलला. पुढे आयुष्यभर जत्रांमधल्या पशुबळीविरुद्ध ते कीर्तनांतून बोलत राहिले. मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षणाचं काम उभं केलं. हे सगळं बाहेरून आलेल्या सुधारकाचं नव्हतं. ज्याने स्वतः ढोरं राखली होती, ज्याला जत्रेची ओढ कळत होती, अशा माणसाचं होतं. म्हणून लोकांनी ऐकलं.

अलीकडचंही उदाहरण आहे. २०२० चा पोळा करोनामुळे लोकांनी आपापल्या घरीच केला. २०२२ मध्ये लम्पी आली, अकोला, अमरावती, बुलढाण्यात कितीतरी गाई-बैल त्यात गेले. त्यानंतर राज्यात अनेक ठिकाणी बैल एकत्र आणू नका, दारातच पूजा करा, असं सांगावं लागलं. लोकांनी तेही केलं. वर्षाचा मानाचा सण, तोरण नाही, झडत्या नाहीत, तरी केला. का, तर बैल वाचावा म्हणून. ज्या लोकांनी बैलासाठी पोळा दाराच्या आत घेतला, त्यांना कुत्र्यासाठी दोन तासांची लड सोडणं जड जाऊ नये.

तर माझं म्हणणं एवढंच, की सणाची चौकट मोडायची गरज नाही. तिच्यातली एक जुनी रीत उचलून नव्या जनावराला लावायची. आदल्या दिवसाची रीत. पुरवणीतल्या सूचनांचं दुखणं हेच, की आपण त्या बॉम्ब वाजायला लागल्यावर आठवतो.

वसुबारसेच्या संध्याकाळी हे करता येईल. गळ्यातला पट्टा पाहावा, सैल झाला असेल तर घट्ट करावा, त्यावर आपला फोन नंबर लिहावा. घराची आतली, रस्त्यापासून लांबची खोली ठरवावी. तिथे त्याचं अंथरूण, पाणी, खिडकीला जाड पडदा, आणि पंखा किंवा रेडिओ चालू. बॉम्ब वाजायच्या आधीच त्याला तिथली सवय लावावी. लक्ष्मीपूजनाला त्याला दिवस मावळायच्या आत फिरवून आणावं, पट्टा न सोडता. दार उघडं ठेवायचं तर कुत्रा-मांजर आतल्या खोलीत बंद आहे ना, हे घरातल्या एकाने पाहावं. पणत्या मांजराच्या शेपटीच्या टप्प्यात नकोत. जे जनावर दरवर्षी फारच कासावीस होतं त्याला डॉक्टरकडे आधीच न्यावं. अकोल्याला तर पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाच आहे. औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी मात्र आणू नये. काही गोळ्यांनी अंग लुळं पडतं आणि भीती तशीच राहते. फराळाच्या ताटातलं चॉकलेट, मनुका, कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे. बैलालाही हेच लागू : पोळ्याला मायेपोटी पुरणपोळ्या आणि धान्याचे ढीग चारले की पोट फुगून तो सणातच आडवा होतो, आणि शिंगांना गेरूऐवजी ऑइल पेंट फासला तर तो शिंगाला बाधतो.

माझ्या ओळखीच्या एका घरात गेली काही वर्षं वसुबारसेला गाय-वासराच्या चित्रापुढे दिवा लावून झाला की सगळे मिळून कुत्र्याचा पट्टा तपासतात. आजी त्याच्या कानामागे थोडं तूप चोळते. तुपाने काही होत नसणार. पण त्या निमित्ताने खोली ठरते, नंबर लिहिला जातो, आणि खाली खेळणाऱ्या पोरांना निरोप जातो, की उद्या लड लावायची तर मैदानात जा.